वणीहून येणारा डबा

दिंडोरी नाक्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या, की मी घरातल्या वायरी पुसायला काढते. द्राक्षांचा आणि वायरींचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. माझ्या घरी तो आहे, किंवा यंदापर्यंत होता. सकाळी शाल सोडवत नाही आणि दुपारी उन्हात उभं राहवत नाही, असे ते दिवस. पंचवटीतल्या आमच्या रस्त्यावरून क्रेट लादलेल्या पिकअप जातात, वळणावर एखादा घड खाली पडतो आणि मागून येणारी स्कूटर त्याचा रस्त्याला लेप देते. दुपारपर्यंत त्यावर माश्या घोंगावतात. हातगाडीवाला घडांवरची पांढुरकी झाक जाऊ नये म्हणून कुणाला हात लावू देत नाही, आणि शेजारच्या टोपलीत घडावेगळे झालेले सुटे मणी स्वस्तात विकतो. मी कायम मणीच घेते. चव तीच, आणि नुसत्या दिसण्याचे पैसे मला द्यायचे नसतात.

हा हंगाम आला की कुसुम यायची. वणीहून, एसटीने, आणि मांडीवर सतरंजीत गुंडाळलेला एक डबा घेऊन. तो डबा आला की माझ्या घरात गाणं सुरू व्हायचं आणि तो परत गेला की बंद पडायचं. लोकांच्या घरी बारा महिने गाणं असतं. माझ्या घरी ते द्राक्षांबरोबर यायचं आणि द्राक्षांबरोबरच जायचं. हे असं का, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

कुसुम आणि मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होतो. ट्रंक कॉल जोडून द्यायचे दिवस ते. ती वणीची, मी इथलीच. मी लग्न केलं नाही आणि तिचं टिकलं नाही, तेव्हा दोघींनी मिळून आधी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पुढे मी हा फ्लॅट घेतला तशी ती माझ्याबरोबर इथे आली. दिवसभर कानाला हेडसेट. घोटीच्या तांदळाच्या व्यापाऱ्याला मुंबई जोडून द्या, कुणाला नात झाल्याचं कळू द्या, कुणाचं माणूस गेल्याचं कळू द्या. सगळी दुनिया कानातून आरपार जायची आणि त्यातलं आपलं काहीच नसायचं. घरी आल्यावर कानांना काहीतरी स्वतःचं हवं असायचं. कुसुम म्हणायची, "नले, लोकांचं ऐकून ऐकून माझे कान उष्टे झालेत. धुवायला पायजेत."

कान धुवायची सोय झाली ती एका ओळखीच्या गृहस्थांमुळे. ते आखातातून कायमचे परत आले होते आणि तिकडून आणलेला स्टिरिओ त्यांना काढून टाकायचा होता. रेकॉर्ड प्लेअर, दोन उंच स्पीकर, एक प्री-अँप आणि एक पॉवर अँप, असा सगळा संसार आम्ही रिक्षात घालून घरी आणला. तेव्हा आमच्याकडे फ्रिज नव्हता. दोन बायका फ्रिजच्या आधी हे आणतात म्हणजे नक्की काय आणतात, ते बघायला घरमालकीणबाई एकाच संध्याकाळी दोनदा साखर मागायला आल्या.

ज्यांना या यंत्रांचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. प्री म्हणजे डोकं आणि पॉवर म्हणजे अंग. काय वाजवायचं आणि किती मोठ्याने, हे प्री ठरवतो, पण स्पीकर हलवायची ताकद त्याच्यात नसते. पॉवरमध्ये ताकद भरपूर, पण कुणी काही सांगितल्याशिवाय तो गप्प. शौकीन लोक हे दोन वेगळे ठेवतात, कारण तसे ठेवले की आवाज स्वच्छ येतो असं म्हणतात. प्री कुसुमच्या पैशाचा होता आणि पॉवर माझ्या. "म्हणजे मी ठरवायचं आणि तू राबायचं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि खरं म्हणजे घरातही साधारण तसंच चालायचं.

चालू करायचाही एक क्रम होता. आधी प्री, मग पॉवर. उलटं झालं तर स्पीकरमधून असा धाडकन आवाज यायचा की छातीत धस्स व्हायचं. म्हणून ती तिचं बटण दाबायची, मान वर करून माझ्याकडे बघायची, मग मी माझं दाबायची. बंद करताना आधी मी, मग ती. एकटीने दोन्ही बटणं दाबायला काही हरकत नव्हती, हात दोन असतातच. पण आम्ही तसं कधी केलं नाही.

आम्ही निवृत्त झालो आणि त्याच सुमारास तिच्या वहिनी गेल्या. भाऊ एकटा पडला, द्राक्षांची बाग मोठी, भाचा नवखा. कुसुमला वणीला जावं लागलं. 'लागलं' हा माझा शब्द. ती म्हणायची, "मी आपल्या मर्जीनं चाललेय." निघायच्या आधी आम्ही सामान वाटून घेतलं, आणि इतक्या सभ्यपणे आम्ही आयुष्यात कधी भांडलो नव्हतो. ही कढई तुझी ना, ने. ही इस्त्री माझी, राहू दे. ती जाते आहे याचा मला राग होता आणि मी तिला थांब म्हणत नाही याचा तिला. शेवटी गाडी स्टिरिओवर आली.

"प्री माझा आहे," ती म्हणाली.

"तुझाच आहे. ने," मी म्हणाले.

आणि तिने खरोखरच वायरी सोडवल्या, प्री सतरंजीत बांधला आणि नेला. तिकडे तिच्याकडे ना स्पीकर, ना प्लेअर. इकडे माझ्याकडे बाकी सगळं, पण मुकं. जन्मभर नोकरी केलेल्या दोन शहाण्या बायकांनी असा वेडेपणा केला, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

थंडी सरता सरता तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी क्रेट मोजायला सांगत होतं. "ऐक, इथं लय गर्दी झालीय," ती ओरडून म्हणाली. "तोडणी चालूय. ओट्यावर मजूर, अंगणात पॅकिंग. मला मेलीला बसायला कोपरा नाय उरला. येऊ का थोडे दिवस?"

"ये की."

मग हळू आवाजात, "त्याला घेऊन येऊ?"

"कुणाला?"

"डब्याला."

"आण हवा तर," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्या ठेवल्या वायरी पुसायला घेतल्या.

तेव्हापासून ते दरवर्षीचंच झालं. मी दिंडोरी नाक्यावर जाऊन उभी राहायची. एसटी थांबली की दारातून आधी सतरंजीचं गाठोडं बाहेर यायचं, "धर, खालून धर" असा हुकूम यायचा, मग द्राक्षांची पिशवी आणि सगळ्यात शेवटी कुसुम. इतक्या वेळात कंडक्टर दोनदा बेल मारायचा. ती त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. घरी आल्यावर चहाच्याही आधी वायरी जोडायच्या. ती टेबलामागे वाकून, मी टॉर्च धरून. मग तिचं बटण, माझं बटण, रेकॉर्डवर सुई टेकल्याची ती बारीक खरखर, आणि गाण्याच्या पहिल्या सुराला तिच्या तोंडून निघणारं "हं". इतकंच. ती गाण्यावर कधी जास्त बोलायची नाही. मला तेवढ्या एका 'हं'साठी वर्षभर थांबावं लागायचं आणि मी थांबायची.

पॉवर चांगलाच तापायचा. फेब्रुवारीच्या सकाळी आम्ही त्याच्यावर हात शेकत बसायचो. मग कुसुमच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. पिशवीच्या तळाशी उरलेले मणी ती ताटलीत पसरून पॉवरच्या पाठीवर ठेवायला लागली. रेकॉर्डमागून रेकॉर्ड वाजायच्या आणि मणी सुरकुतत जायचे. ते बेदाणे काही धड झाले नाहीत, बाहेरून चिवट आणि आतून ओले. तिने ते शिऱ्यात घातले आणि वर मलाच विचारलं, "गाणं लागतंय का चवीला?" मी म्हटलं, वायरीचा वास लागतोय. ती पुढचा दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण ताटली तिथेच राहिली.

एका वर्षी दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा पडायला लागल्या. आमच्या गॅलरीवरच्या पत्र्यावर असा तडतडाट, की गाणं त्यात बुडून गेलं. कुसुमने सुई उचलली आणि भाच्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात आयुष्य घालवलेली बाई, तिला स्वतःचा एक फोन लागेना. त्या वेळी ती मला एकदम म्हातारी दिसली. फोन लागला तेव्हा कळलं की गारा तिकडे नाहीत, फक्त वारा आहे. फोन ठेवून ती म्हणाली, "लाव आता. कुठवर आलं होतं गं?"

लोक मला म्हणायचे, अहो, तेवढा एक प्री नवीन मिळत असेल की. मिळत होता. मी घेतला नाही, यात माझा स्वार्थ होता. डबा होता म्हणून तिला यायला निमित्त होतं. 'तुझी आठवण येते' म्हणण्यापेक्षा 'डबा कधी आणतेस' विचारणं आम्हा दोघींना सोपं जायचं. उरलेले महिने स्पीकर जुन्या साड्यांखाली झाकून उभे असायचे. मी मोबाइलवर बातम्या ऐकायची, बाजारातून येताना भाजीवाल्याशी गरजेपेक्षा जास्त घासाघीस करायची, म्हणजे तेवढंच बोलणं व्हायचं. दुपारचा चहा झाला की घरात एक अशी वेळ येते जेव्हा काही म्हणजे काही करायचं नसतं. त्या वेळेची मला भीती वाटते. अजूनही वाटते.

तिचे कान कधी गेले ते नेमकं सांगता येणार नाही. आवाजाचं बटण प्रीवर, म्हणजे तिच्या हातात. एका हंगामात ते थोडं पुढे गेलं, पुढच्या हंगामात आणखी. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. कुसुम म्हणाली, रेकॉर्डी झिजल्यात, आवाजच उमटत नाही. मग म्हणाली, स्पीकर बसले. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मागच्या वर्षी पहिला सूर वाजून गेला तरी तिच्याकडून 'हं' आलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, सुरू झालं का ते माझ्या तोंडावरून कळेल म्हणून. मी मान हलवली. मग ती म्हणाली, "हं."

यंदा हातगाड्या लागल्या, मी वायरी पुसल्या, आणि तिच्या भाचेसुनेचा, वैशालीचा फोन आला. "मावशी, आत्याबाई यंदा येत नाय म्हणतात. त्यांना आता कायच ऐकू येत नाय हो. जवळून बोललं, तोंडाकडं बघितलं, तर कळतं थोडंफार. कानाचं मशीन आणलं, ते डबीत पडलंय. म्हणतात, मी तिथं जाऊन काय करू. तो त्यांचा डबा पाठवलाय पिकअपमधून, घेऊन ठेवा."

दुपारी पिकअप खाली थांबली. ड्रायव्हरने द्राक्षांच्या दोन क्रेटमधून सतरंजीचं गाठोडं काढलं आणि वर आणून दिलं. एवढ्या वर्षांत तो डबा पहिल्यांदाच एकटा आला होता. मोबाइलवर कुसुमचा मेसेज होता, "वायरी तुझ्याकडे आहेतच. सुखात ऐक."

मला असा संताप आला म्हणून सांगू! सुखात ऐक म्हणे. मी गाठोड्याची गाठसुद्धा सोडली नाही. तो डबा जोडला असता तर माझ्याकडे सगळं पुरं झालं असतं, बारा महिने गाणं वाजलं असतं, आणि कुसुम आता येणार नाही हे माझ्या हातानेच पक्कं झालं असतं. दोन दिवस ते गाठोडं दाराशी पाहुण्यासारखं बसून होतं. मग मी कॅनडा कॉर्नर चौकाजवळच्या एका स्टिरिओच्या दुकानात गेले.

दुकानातला माणूस तरुण आणि गोड बोलणारा. "मॅडम, हल्ली वेगवेगळं कोण ठेवतं? हा इंटिग्रेटेड घ्या. प्री, पॉवर, दोन्ही एकाच पेटीत. तुमचा रेकॉर्ड प्लेअरही याला लागेल. एकच बटण, वर रिमोट. एकट्या माणसाला एकदम सोपं." तो वाईट काही बोलला नव्हता. मी पेटी घेतली. मनात एक हट्ट होता. डबा निमित्त होता ना? मग निमित्तच काढून टाकते. आता तिला काही आणायची गरज नाही, आता ती येते का बघू. आणि नाही आली तर इतकी वर्षं ती डब्यासाठीच येत होती, असं समजायचं का? हा विचार रिक्षात बसल्यावर आला आणि मग तो काही केल्या जाईना.

घरी येऊन जोडणी केली. वायरी निम्म्याहून कमी लागल्या, टेबलामागचं जंजाळ गेलं, धूळ पुसायला जागा झाली. बटण दाबलं. धाडकन नाही, काही नाही. एक निळा ठिपका लागला, झालं. रेकॉर्ड लावली. आवाज चांगलाच होता, खोटं कशाला बोलू. पहिल्यापेक्षा बरा की वाईट, ते मात्र कळेना. कुसुम असती तर तिने एक म्हटलं असतं, मी हटकून दुसरं म्हटलं असतं, आणि भांडताभांडता ठरलं असतं. एकटीला कशाशी ताडून बघायचं? पहिली बाजू संपायच्या आत मी ते बंद केलं आणि मणी निवडत बसले.

नव्या पेटीचा फोटो तिला पाठवला. खाली लिहिलं, "आता डबा नको. तू ये." तिने ते वाचल्याचं दिसलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मग मी कशाला येऊ?"

मी सतरंजीचं गाठोडं उचललं आणि वणीची एसटी धरली. गाडीत बरीचशी माणसं गडावर देवीला जाणारी. शेजारच्या बाईच्या मांडीवर नारळ-चोळखणाची पिशवी आणि माझ्या मांडीवर प्री. किती जड आहे तो! दिंडोरीपर्यंतच माझे गुडघे बधिर झाले. वळणावर तो पुढे सरकायचा आणि मी पोटाशी धरायची. हे ती दरवर्षी जाताना आणि येताना करत होती, आणि उतरल्यावर एकदाही जड आहे म्हणाली नव्हती. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय ओ मावशी, मिक्सर?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "लेकीकडं चालला वाटतं." मी त्यालाही हो म्हटलं.

वणीच्या घरी अंगणात ताडपत्रीखाली बायका घड साफ करत बसल्या होत्या. ट्रॅक्टर सुरूच, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी, पोरं क्रेटवरून उड्या मारतायत, एक कुत्रं भुंकतंय. आणि त्या सगळ्याच्या मधोमध कुसुम, हातात छोटी कात्री, घडातला तडकलेला मणी शोधून हळूच कापते आहे. माझी सावली पडली तेव्हा तिने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग गाठोड्याकडे.

"हा परत कशाला आणलास?"

मी तिच्यासमोर बसले. सावकाश म्हणाले, "मला नको. मी नवीन आणलाय. एकच."

"एकच." तिने पुन्हा कात्री चालवली. "बरं झालं. आता तुला माझी वाट बघायला नको."

"मला वाट बघायचीच आहे," मी म्हणाले. पण तिची नजर घडावर होती, तिला कळलंच नाही. मग मी तिची हनुवटी धरून वर केली आणि तेच परत म्हणाले. जे एवढ्या वर्षांत एकदाही म्हणाले नव्हते ते लागोपाठ दोनदा म्हणावं लागलं, आणि तेही पंधरावीस बायकांसमोर.

कुसुमने कात्री खाली ठेवली. "नले, मी इथल्या गलक्याला कंटाळून तुझ्याकडं यायची. आता गलकाच नाय. मला आता कोपरा शोधावा लागत नाय बघ. कुठंही बसलं तरी कोपराच." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "तिथं येऊन मी नुसती बसून राहणार. मग तुला माझ्यापायी वाईट वाटणार. मला ते नको."

"इथे बसतेस तशी तिथे बस. मला एकटीला बसून बसून कंटाळा आलाय."

ती बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली, अजून काही येतंय का म्हणून. मग म्हणाली, "दोन दिवस येते. पण माझ्यासमोर ते लावायचं नाय."

"नाही लावणार."

डबा वणीलाच राहिला. परतीच्या गाडीत कुसुमला हात कुठे ठेवावेत कळेना. मांडीवर ठेवले, मग समोरच्या दांडीवर, मग पदराखाली. शेवटी तिने माझी पर्स मागून घेतली आणि ती दोन्ही हातांनी धरून बसली.

घरी आल्यावर ती नव्या पेटीपाशी गेली. वरून हात फिरवला. "हा तर थंडगार आहे. मणी कुठं वाळवायचे आता?" मग टेबलाखाली वाकून बघितलं. पॉवर तिथेच ठेवला होता, मला तो हलवता आला नव्हता, आणि हलवायचाही नव्हता. तिने त्यालाही हात लावला आणि चहा टाकायला गेली. तेव्हा मला कळलं की आता काय काय गेलं आहे. पूर्वी आमचं अर्धं बोलणं एक स्वयंपाकघरात आणि एक बाहेर असं चालायचं. ती तिकडून काहीतरी म्हणायची, मी इकडून उलट उत्तर द्यायची, त्यात कामं उरकायची. आता प्रत्येक शब्दासाठी उठून तिच्यासमोर जाऊन उभं राहायला लागत होतं. फुटकळ बोलायचं मी आपोआप सोडून दिलं, आणि आमचं पुष्कळसं बोलणं फुटकळच होतं. मीठ कमी आहे, खालच्या बाईंनी केस रंगवले, नळ गळतोय. ती घरात होती आणि घर तरी गप्पच होतं. एकटं असण्याची मला सवय आहे, पण ती समोर असताना एकटं वाटतं, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा झाला. तीच ती वेळ. कुसुम खिडकीतून खालची द्राक्षांची गाडी बघत होती. एकदम वळून म्हणाली, "लाव."

"नको म्हणाली होतीस ना?"

"लाव गं. तू ऐक. मी तुझ्याकडं बघते."

आमची सगळ्यात झिजलेली रेकॉर्ड काढली. भावगीत आहे, चार कडव्यांचं, आम्हाला दोघींना पाठ. बटण दाबताना सवयीने मी मान वर केली. ती समोरच्या खुर्चीत हात बांधून बसली होती, डोळे माझ्या चेहऱ्यावर. कुणी असं टक लावून बघत असेल तर गाणं ऐकू येत नाही, हे तेव्हा समजलं. मी नुसती बसले होते, चेहरा ऐकत असल्यासारखा करून.

"कुठवर आलं?" तिने विचारलं.

"पहिलं कडवं," मी ओठ नीट हलवून सांगितलं.

तिने मान डोलवली. थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"दुसरं संपलं. तिसरं सुरू होतंय."

तिने डोळे मिटले आणि गायला लागली. तिथूनच, तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या शब्दापासून. पूर्वी नुसतं 'हं' म्हणणारी बाई. आवाज खरखरीत, सूर भलतीकडे, तिचा तिलाच ऐकू येत नव्हता. पण एकही शब्द चुकला नाही. तिच्या डोक्यात ते गाणं जरा भरभर चालत असावं. रेकॉर्डवरची गायिका एका ओळीवर रेंगाळली आणि कुसुम पुढे गेली. एका ओळीने, मग दोन ओळींनी. खोलीत दोन गाणी झाली, आणि दोन्ही ऐकणारी मी एकटी. मला तिला थांबवावंसं वाटलं, हात धरून सांगावंसं वाटलं की अगं थांब, अजून तिथे आलं नाही. ती थांबली नाही. चौथं कडवं तिने एका दमात म्हटलं, ध्रुवपद म्हटलं, आणि डोळे उघडले. चेहरा असा उजळलेला, की तसा मी कितीतरी हंगामांत बघितला नव्हता.

"संपलं ना?" तिने विचारलं.

स्पीकरमधून चौथं कडवं आत्ता कुठे सुरू होत होतं. तिच्याकडचं लक्ष न काढता मी हात मागे नेला, बटण सापडलं, ते हळूहळू फिरवत पार शून्यावर आणलं. मग तिच्याकडे तोंड करून, तिला नीट कळेल अशा बेताने म्हणाले, "हो. संपलं."